हौशी क्लब म्हणजे काय? बॉम्बे जिमखान्याच्या रग्बीची गोष्ट



आपल्या हिंगोली जिल्ह्यात मैदान म्हटलं की कबड्डी, खो-खो, कुस्ती आणि क्रिकेट. रग्बीचा अंडाकृती चेंडू बहुतेक मुलांनी टीव्हीवरच पाहिलेला असतो. तरीही आजचा पाठ मी रग्बीच्या एका क्लबावर घेतला आहे. पालकसभेत दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो, "सर, खेळून पोराला मिळणार काय?" त्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर या क्लबाच्या इतिहासात सापडतं.

आधी खेळ समजून घेऊ

रग्बीत एका संघात १५ खेळाडू असतात. ‘सेव्हन्स’ या छोट्या प्रकारात ७ असतात आणि सामना ७-७ मिनिटांच्या दोन डावांचा असतो. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पायाने पुढे मारता येतो, पण हाताने पुढे फेकता येत नाही. पास द्यायचा तो बाजूला किंवा मागेच. म्हणजे पुढे जायचं असेल तर मागून साथीदार धावत यायलाच हवेत. प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होतो, त्याचे ५ गुण. त्यानंतरची किक खांबांमधून गेली तर आणखी २.

पकड कशी करायची हे कबड्डीपटूला वेगळं शिकवावं लागत नाही. खाली वाकून, कमरेला किंवा मांडीला धरायचं. मानेला किंवा डोक्याला हात लावला तर तो गुन्हा.

भारतात खेळ कसा आला?

इंग्लंडमध्ये रग्बीची संघटना १८७१ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, १८७२ च्या नाताळात, कोलकात्यात सामना झाला. तिथे क्लबही निघाला. पण उष्ण हवा आणि पोलो-टेनिसची ओढ यामुळे तो काही वर्षांतच बंद पडला. सभासदांनी मात्र एक चांगलं काम केलं. बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढले, ते वितळवून एक चषक घडवला आणि इंग्लंडच्या संघटनेला भेट दिला. तीन नागांचे कान आणि झाकणावर हत्ती असलेला हा ‘कलकत्ता कप’. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजही त्यासाठीच खेळतात.

बॉम्बे जिमखाना

मुंबईत आझाद मैदानाच्या दक्षिण टोकाला १८७५ साली बॉम्बे जिमखाना उभा राहिला. सुरुवातीला सभासदत्व फक्त युरोपीय लोकांना होतं. आपल्या लोकांनी मग स्वतःचे जिमखाने काढले: १८८५ मध्ये पारसी, १८९४ मध्ये हिंदू. भारतातला पहिला क्रिकेट कसोटी सामना डिसेंबर १९३३ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर झाला. लाला अमरनाथ यांनी त्यात ११८ धावा काढल्या.

हिवाळ्यात क्रिकेट आणि पावसाळ्यात रग्बी अशी या मैदानाची वाटणी. पावसाने जमीन मऊ झाली की पडलं तरी लागत नाही, म्हणून हा चिखलातला मोसम. अखिल भारतीय रग्बी स्पर्धा १९२४ पासून सुरू आहे. हे सगळे खेळाडू हौशी. दिवसभर नोकरी-धंदा, संध्याकाळी सराव.

‘हौशी’ या शब्दामागचा पेच

हौशी म्हणजे पैसे न घेता खेळणारा. ऐकायला छान वाटतं, पण ते परवडतं कुणाला? इंग्लंडच्या उत्तरेकडचे खाणकामगार आणि गिरणी कामगार शनिवारी खेळायला गेले की त्यांची मजुरी बुडायची. त्यांच्या क्लबांनी बुडालेल्या मजुरीची भरपाई मागितली, संघटनेने नकार दिला. शेवटी १८९५ साली ते क्लब वेगळे झाले आणि ‘रग्बी लीग’ हा निराळा खेळच जन्मला. मूळ रग्बीत पैसे घेऊन खेळायला परवानगी मिळाली ती थेट १९९५ मध्ये, तब्बल शंभर वर्षांनी!

आपल्याकडे हळद काढणीच्या दिवसांत सरावाला किती मुलं येतात, हे प्रत्येक क्रीडाशिक्षक सांगेल. पोरगं आळशी झालेलं नसतं, घरी हात कमी पडत असतात. म्हणून सरावाची वेळ ठरवताना शेतीचं वेळापत्रक बघणं, ही मुलांवर मेहेरबानी नाही. ती गरज आहे.

मैदानाचं फाटक उघडलं तेव्हा

जिमखान्यासमोरच्या रस्त्याला मुंबईकर ‘फॅशन स्ट्रीट’ म्हणतात. तिथल्या फुटपाथवरची मुलं कुंपणाबाहेरून सराव बघायची. मॅथ्यू स्पेसी नावाचे खेळाडू तेव्हा जिमखान्यात रग्बी खेळत. त्यांनी त्या मुलांना आत खेळायला बोलावलं. खेळता खेळता मुलांचं वागणं, बोलणं, स्वतःवरचा विश्वास बदलताना त्यांना दिसला. त्यातूनच १९९९ मध्ये ‘मॅजिक बस’ ही संस्था उभी राहिली. जो क्लब कधीकाळी आपल्या लोकांना दारातही उभं करत नव्हता, त्याच मैदानावर हे घडलं.

मुलींचं काय?

आठवी-नववी आली की आपल्याकडच्या मुली मैदानावरून हळूहळू दिसेनाशा होतात. अशा घरांत ही गोष्ट जरूर सांगा. जून २०१९ मध्ये मनिला इथे भारताच्या महिला संघाने सिंगापूरला २१-१९ असं हरवलं. पंधरा जणींच्या रग्बीतला भारतीय महिलांचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. कर्णधार होती पुण्याची वाहबिज भरूचा. विजयाची किक मारली ओडिशाच्या सुमित्रा नायकने. ही मुलगी खेड्यात जन्मली आणि भुवनेश्वरच्या निवासी शाळेत राहून शिकली.

आपल्या शाळेत काय करता येईल?

लागण्याची भीती पालकांना वाटते आणि ती रास्त आहे. म्हणून लहान मुलांनी थेट पकडीची रग्बी खेळूच नये. त्यांच्यासाठी ‘टॅग रग्बी’ असते. कमरेला दोन्ही बाजूंनी कापडाच्या पट्ट्या खोचायच्या. पट्टी ओढली की पकड झाली. शेपटी ओढायचा खेळ आपल्या मुलांना माहीतच आहे. चेंडू नसेल तर साध्या चेंडूवर सुरुवात करा, नियम एकच: पास मागेच द्यायचा. मुलं-मुली एकत्र खेळू शकतात. आणि कुठल्याही खेळात डोक्याला मार लागला तर त्या मुलाला लगेच बाहेर बसवा, त्या दिवशी पुन्हा खेळवू नका, डॉक्टरांना दाखवा.

वर्गात विचारायचे प्रश्न

१. पास मागे द्यायचा असूनही संघ पुढे कसा जातो?
२. मजुरी बुडते म्हणून कुणी खेळ सोडावा का? त्यावर उपाय काय?
३. आपल्या गावातलं मंडळ किंवा तालीम कुणी, कधी सुरू केली? घरातल्या आजी-आजोबांना विचारून दहा ओळी लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं वर्गात वाचून घ्या आणि एका वहीत उतरवून ठेवा. बॉम्बे जिमखान्याचा इतिहास लिहिलेला आहे म्हणून आज आपण तो वाचतो. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढ्याकडच्या तालमी आणि कबड्डी संघांचा इतिहास मात्र बहुतेक माणसांच्या आठवणीतच आहे. तो मुलांनी लिहिला तर त्याहून चांगलं काय?

आणि "खेळून मिळणार काय?" असं पालकांनी विचारलं, तर फुटपाथवरच्या त्या मुलांची गोष्ट सांगा. नोकरीची हमी आपण देऊ शकत नाही. पण पडल्यावर उठायचं, मागच्यावर भरवसा ठेवायचा आणि पंचाचा निर्णय ऐकायचा, हे मैदानावर रोज शिकायला मिळतं.