दोन पात्यांची सतरंजी

आमच्या देवासच्या घरात आजोबांच्या वेळची एक सतरंजी होती. अठरा फूट लांब, बारा फूट रुंद, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, जाड सुताची. गणपतीत, मुंजीत, मंगळागौरीत तीच अंथरली जाई. गाण्याची बैठक असली म्हणजे शेजारीही ती मागून नेत. १९६४ साली वडील आणि धाकटे काका यांची वाटणी झाली. भांडी मोजून वाटली गेली, खोल्या भिंत घालून वाटल्या गेल्या; पण सतरंजी एकच. ती कोणी घ्यावी यावर दोन दिवस वाद झाला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती मधोमध कापलेली आढळली. कोणी कापली, हे ना कोणी विचारले, ना कोणी सांगितले. अर्धी आमच्या वाट्याला आली, अर्धी काकांच्या.

देवासकरांना या गोष्टीचे फारसे नवल वाटू नये. आपले गावच मुळी दोन भावांच्या वाटणीतून उभे राहिलेले. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात पहिल्या बाजीरावाबरोबर माळव्यात आलेल्या तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंच्या वंशजांची येथे दोन राज्ये झाली : थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच टेकडीखाली, एकाच बाजारपेठेत दोन दरबार नांदत होते. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर हे १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात त्यांनी या दुहेरी संसाराचे मोठे मिस्कील वर्णन केले आहे. १९४८ साली दोन्ही पात्या मध्यभारतात विलीन झाल्या आणि गाव एक झाले. आमचे घर मात्र त्यानंतर सोळा वर्षांनी दुभंगले.

गेल्या वर्षी चुलतभावाच्या नातीचे लग्न ठरले. धाकट्या काकूंनी, ज्यांनी आता नव्वदी ओलांडली आहे, मला बोलावून घेतले. म्हणाल्या, “तुमच्याकडचा तुकडा अजून आहे ना रे? आमचा ट्रंकेत आहे. केळवणाला ती सतरंजी एकदा पुरी अंथरलेली पाहू दे. मग मी मोकळी.”

मी म्हटले, “जोडून आणतो, काकू.” शब्द सहज गेला, काम मात्र सहज नव्हते.

प्रथम मी जे केले ते कोणी करू नये. बाजारात एका दुकानदाराने मला चिकट पट्टी आणि डिंकासारखा एक द्रव देऊन सांगितले की तासाभरात काम होईल. एका कोपऱ्यावर प्रयोग केला. दुसऱ्या दिवशी तेथे पुठ्ठ्यासारखा कडक, पिवळट डाग पडला होता आणि सतरंजी तेथून वाकेनाशी झाली होती. ते साधन वाईट म्हणता येणार नाही. ते दुसऱ्या जातीच्या अंथरुणासाठी आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरावयाचे यंत्रावर बनलेले गालिचे निघाले, तेव्हा त्यांचे पट्टे जोडण्यासाठी खालून गोंदाची पट्टी ठेवून ती विशिष्ट इस्त्रीने तापवितात व वरून रूळ फिरवून दाबतात. अशा गालिच्याला पाठीवर स्वतंत्र अस्तर असते, तो धुवावयाचा नसतो आणि घडी घालून ठेवावयाचाही नसतो. हातमागाची सतरंजी धुतली जाते, गुंडाळली जाते, झटकली जाते. तिचा जोड तिच्याइतकाच लवचिक हवा. म्हणून साधन निवडण्यापूर्वी आपल्यासमोर काय आहे, हे ओळखणे ही पहिली पायरी.

ओळखण्याची रीत सोपी आहे. वस्तू उलटी करून पाहावी. दोन्ही बाजू सारख्याच दिसल्या तर ती सपाट विणीची सतरंजी. पाठीवर प्रत्येक गाठ स्वतंत्र दिसत असेल आणि पुढल्या बाजूची नक्षी मागेही उमटलेली असेल, तर तो हाताने गाठी मारलेला गालिचा. पाठीला कापडाचे किंवा तागाचे अस्तर चिकटविलेले असेल, तर तो यंत्राचा किंवा टोचून बनविलेला. पहिल्या दोघांना सुई-दोरा. गोंदाचा विचार केवळ तिसऱ्यासाठी.

धारला माझे एक आप्त आहेत. धारचे पवार आणि देवासचे पवार एकाच कुळातले. आमच्या आप्तसंबंधांचेही तसेच. त्यांच्या ओळखीने तेथील एका वृद्ध कारागिराकडे दोन्ही तुकडे घेऊन गेलो. देवासहून इंदूरमार्गे धार म्हणजे सुमारे शंभर किलोमीटर. सारे त्यांना चाचा म्हणत, मीही म्हणू लागलो. त्यांनी तुकडे अंगणात पसरले, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरविला आणि प्रथम विचारले, “कापली तेव्हा कात्री बोथट होती काय?” खरोखरच ती कड दातेरी होती. शिवाय ती आडवी कापलेली, म्हणजे ताण्याचे सारे धागे तुटलेले. ताण्याच्या दिशेने, म्हणजे रुंदीचे दोन भाग होतील अशी उभी कापली असती, तर ताणा शाबूत राहिला असता. ताणा हाच सतरंजीचा कणा. तो तुटला की बाणा एकेक करून सुटू लागतो. दोन्ही घरांत कोणीतरी कड दुमडून यंत्रावर शिवली होती, म्हणून इतकी वर्षे निभावले.

चाचांनी आपली पेटी उघडली. तिच्यात फार थोडी साधने होती, आणि प्रत्येकाचे काम वेगळे होते.

बाकदार सुई : चंद्रकोरीसारखी. सतरंजी जमिनीवर सपाट असतानाच टाका घालता येतो. ती उचलावी लागत नाही, म्हणून जोड ताणला जात नाही. बोथट टोकाची सुई : रफूसाठी. ती धाग्याला भोसकत नाही, दोन धाग्यांमधून वाट काढते. दाभण पेटीत होते, पण ते गोणपाटासाठी. जुन्या सुतात दाभण घातले तर ताणा तुटतो. दोरा सुतीच, आणि जुन्या कापडाहून फार मजबूत नको. नायलॉनचा दोरा पुष्कळ लोक ‘टिकाऊ’ म्हणून वापरतात. तो टिकतो खरा, पण ताण पडला की स्वतः न तुटता कापडाला कापतो. तुटायचेच तर टाक्याने तुटावे. टाका पुन्हा घालता येतो. दोरा मधमाशांच्या मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे गुंतत नाही. बोटाला अंगुस्तान, धार लावलेली लांब पात्याची कात्री, लाकडी पट्टी आणि विणकर बाणा ठोकण्यासाठी वापरतात तो दातेरी पंजा. पेटी एवढ्यावर संपली.

काम असे झाले. प्रथम ओल्या पांढऱ्या फडक्याने रंग उतरतो का ते पाहिले. मग दुमडलेल्या कडा उसवून तुकडे धुतले व सावलीत वाळविले. दातेरी कड एका रेषेत आणण्यासाठी दोन्हींकडून अंगुळभर भाग गेला. कापताच सुटे धागे काठटाक्याने बांधले. नंतर दोन्ही कडा एकमेकींवर न चढविता शेजारी शेजारी टेकविल्या, कारण चढविलेल्या जोडाचा उंचवटा पायाखाली झिजतो. पट्ट्याशी पट्टा जुळवून वीतभर अंतरावर कच्चे टाके घातले. खालून नवारीची पट्टी लावली. तीही आधी भिजवून आटवून घेतलेली, नाहीतर पहिल्याच धुण्यात ती आटते आणि जोडाला चुण्या पडतात. मग मधल्या बिंदूपासून आरंभ करून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे शिवण नेले. एका टोकापासून शिवत गेल्यास साऱ्या रुंदीचा फुगवटा दुसऱ्या टोकाशी साचतो. प्रत्येक टाका कमीजास्त खोल घातला, म्हणजे सारा भार एकाच बाण्यावर येत नाही.

माझ्या गोंदाच्या डागाचे ठिगळ करावे लागले. नाण्याएवढे भोक असेल तर रफू, त्याहून मोठे असेल तर ठिगळ, असा चाचांचा नियम. डागाचा भाग धाग्याच्या रेषेने चौकोनी कापला. ठिगळासाठी नवे कापड घेतले नाही. त्याच सतरंजीच्या टोकाकडील, कपाटाखाली दडणाऱ्या बाजूची पट्टी घेतली. त्याच वयाचे सूत, तोच विटलेला निळा. ठिगळाचा ताणा मूळ ताण्याच्या दिशेनेच ठेवला. लव असलेल्या गालिच्यात हेच पथ्य लवेबाबत पाळावे : हात फिरवून लव कोणीकडे झुकते ते पाहावे, अन्यथा रंग तोच असूनही ठिगळ गडद किंवा फिके दिसते. गालिचा कापावयाचा झाल्यास पाठीकडून, दोन ओळींच्या मधून, चाकूने. पुढून कात्री लावल्यास लव छाटली जाते.

जोड नसलेली वस्तू श्रेष्ठ, असे आपण मानतो. विंडसर किल्ल्यातील वॉटर्लू दालनात आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणलेला, १८९४ साली पुरा झालेला अवाढव्य गालिचा आहे. तो अखंड विणला आहे, हीच त्याची ख्याती. परंतु अखंडपण राजवाड्यांना परवडते. माळव्यातील आपल्या घरांत जे काही टिकले, ते जोडून आणि ठिगळ लावूनच टिकले.

केळवणाच्या दिवशी सतरंजी अंथरली. लांबी तीन-चार अंगुळांनी कमी भरली आणि मधली रेषा दिसत होती. दोन्ही घरांची मुले तिच्यावर बसली. त्यांना त्या रेषेचे काही वाटले नाही. काकूंनी खुर्चीवरून वाकून जोडावर हात फिरविला.

मी म्हटले, “काकू, थोडा दिसतो अजून.”

“दिसू दे,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ थांबून, माझ्याकडे न पाहता, “कात्री माझीच होती रे. भाजीची. दुसरी सापडली नाही.”

मी काही बोललो नाही. पानावर बसण्याची घाई झाली होती; कोणीतरी त्यांना हात देऊन उठविले, आणि त्या खुर्ची सोडून सतरंजीवर, जोडाच्या अगदी जवळ, भिंतीला टेकून बसल्या.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर, ट्रंकेत असे तुकडे असतील. या दिवाळीच्या आवरासावरीत ते काढून पाहावेत, कसर लागली असेल तर उन्हे दाखवावीत, आणि घाईने गोंद मात्र लावू नये.