समजून घ्या : ट्रॉली एक, अर्थ अनेक

‘ट्रॉली’ म्हटले की प्रवाशाला चाकांची बॅग आठवते, घरात ओट्याखालचे सरकते कप्पे आणि शेतकऱ्याला उसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली.

‘ट्रॉली व्हील’ म्हणजे काय?
जुन्या विजेच्या ट्रामच्या छतावर दांडा असे. त्याच्या टोकाचे खाचेचे छोटे चाक वरच्या तारेला खालून टेकून फिरे व वीज गाडीत येई. अमेरिकेतील रिचमंड शहरात १८८८ मध्ये फ्रँक स्प्रेग यांनी ही पद्धत यशस्वी केली. पुढे तेथे ट्रामलाच ‘ट्रॉली’ म्हणू लागले. मुंबईत ‘बेस्ट’ची ट्रॉलीबस १९६२ ते १९७१ या काळात धावली.

चाकांत फरक कोणता?
स्थिर चाक सरळ रेषेत धावते, तर फिरते चाक हवे तिकडे वळते. रुग्णालयातील ट्रॉलीला ब्रेकही असतो. रुग्णाला उचलून ठेवताना तो लावला नाही, तर ट्रॉली सरकून रुग्ण पडू शकतो.

उसाच्या ट्रॉलीचा धोका काय?
बाहेर आलेल्या उसामुळे मागचे दिवे झाकले जातात. अंधारात मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसतच नाही. त्यामुळे मागे लाल रिफ्लेक्टर हवेत आणि ते उसाने झाकलेले नकोत. पंक्चर झाल्यास ट्रॉली रस्त्याच्या कडेला घ्यावी आणि निघताना चाकाखाली लावलेला दगड आठवणीने उचलावा. मागे राहिलेला दगड दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतू शकतो.