एस.टी. भरली, तरच हवा सुधारेल

बाजारच्या दिवशी सातारा किंवा सांगलीच्या पेठेत पाहावे, तर मोटारसायकलींची रीघ लागलेली असते. त्यांतल्या पुष्कळशा आपल्याच गावांतल्या. तेव्हा शहरातल्या धुराशी आपला संबंध नाही, असे म्हणून चालणार नाही.

मग एस.टी. फुकट केली तर? याची सुरुवात आपल्याकडे झालीच आहे. 75 वर्षांवरील वृद्धांना ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे. मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. शेजारच्या कर्नाटकात जून 2023 पासून तेथील महिलांना साध्या सरकारी गाड्यांत तिकीट पडत नाही. दवाखान्याला, माहेराला जाणाऱ्यांची मोठी सोय झाली. हवेचा हिशेब मात्र निराळा आहे. तो मांडून पाहू.

एक लिटर डिझेल जळले की सुमारे 2.7 किलो, आणि पेट्रोल जळले की 2.3 किलो कर्बवायू हवेत जातो. सातारा ते कऱ्हाड अंतर 50 किलोमीटर धरा. एस.टी.ला 11 लिटर डिझेल लागले, तर 30 किलो कर्बवायू होईल. तेच 40 उतारू एकेकटे मोटारसायकलीने गेले, तर लिटरला 50 किलोमीटर धरूनही 92 किलो होतो! पण एस.टी.त दहाच माणसे असतील, तर दहा मोटारसायकलींचा 23 किलोच होतो. म्हणजे बचत नाहीच.

युरोपातील टॅलिन शहराने 2013 साली रहिवाशांना बस मोफत केली. उतारू वाढले, पण त्यांत पूर्वी पायी जाणारे बरेच होते, मोटारी थोड्याच कमी झाल्या.

मोफत तिकीट हे खतासारखे आहे. वेळेवर येणारी गाडी म्हणजे पाणी. पाण्यावाचून खत काय करील? डेअरीला दूध घालून निघणाऱ्याला सोयीची गाडी नसेल, तर तो मोटारसायकललाच किक मारणार. मग फेरी रिकामी जाते, तोट्यात येते, एक दिवस बंद होते. आणि बारावीपर्यंतच्या मुलींचा मोफत पास दप्तरातच राहतो.

म्हणून ग्रामसभेत शाळेच्या, बाजाराच्या व दुधाच्या वेळा लिहून काढा, ठराव करा आणि तो आगार व्यवस्थापकांना द्या. गाडी सुरू झाली की आठवड्यातून एक दिवस तरी मोटारसायकल घरी ठेवून तीत बसा. पेट्रोलचे पैसे वाचतील आणि गावची फेरीही टिकेल.