सोंगामागचा माणूस

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही सर्कस पाहिली आहे का? सर्कशीच्या रिंगणात विदूषक येतो. त्याला आपण जोकर म्हणतो. त्याच्या नाकावर लाल गोळा असतो, चेहऱ्याला पांढरा रंग असतो आणि ओठ कानापर्यंत रंगवलेले असतात. तो धावतो, अडखळतो, पडतो आणि सारा तंबू हसू लागतो. पण त्याच वेळी पुढच्या रांगेकडे नीट पाहा. तिथे एखादे तीन वर्षांचे मूल अम्मीच्या ओढणीत तोंड लपवून रडत असते. माणूस एकच, चेहराही एकच. मग त्याला पाहून एक हसतो आणि दुसरा रडतो, असे का? या पाठात आपण याच प्रश्नाचे उत्तर शोधू या.

आधी काही शब्द पाहू. थट्टेला मराठीत 'मस्करी' म्हणतात. तुमच्या उर्दूत विनोदी माणसाला 'मसखरा' म्हणतात. दोन्ही शब्द अरबीतून आले आहेत. 'नक्कल' आणि 'तमाशा' हे शब्दही मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत आहेत. वेष बदलून दुसऱ्याचे रूप घेणे याला मराठीत 'सोंग' म्हणतात, तर उर्दूत 'स्वांग'. मराठीतला 'बहुरूपी' उर्दूत 'बहुरूपिया' होतो. हसवणारी माणसे दोन्ही भाषांच्या अंगणात फार पूर्वीपासून वावरत आली आहेत, हे या शब्दांवरूनच कळते.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत विदूषकाचा सख्खा भाऊ शोभावा असा कलावंत म्हणजे बहुरूपी. सुगी संपते, ज्वारी आणि कापूस घरात येतो, लोकांच्या हातात चार पैसे असतात. अशा दिवसांत बहुरूपी गावोगाव फिरे. आज बहुरूपी पूर्वीइतके दिसत नाहीत. तरी बाजाराच्या गावी किंवा यात्रेच्या गर्दीत एखादा भेटतो. तो कधी शंकराचे सोंग घेतो, कधी हनुमंताचे, तर कधी पोस्टमनचे. त्याचे सर्वांत आवडते सोंग मात्र पोलिसाचे. अंगात खाकी कपडे, डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, हातात काठी आणि काखेत जाडजूड वही. तो शिट्टी वाजवत दारात उभा राहतो आणि दरडावून म्हणतो, "तुमच्या म्हशीने सरपंचाची झोप चोरली आहे. चला ठाण्यावर!"

पहिल्या क्षणी घरातील मुले दाराआड पळतात. एखाद्या भोळ्या माणसाच्या छातीतही धस्स होते. पण आरोप ऐकता ऐकता लोकांच्या लक्षात येते की, हा पोलीस खरा नाही. मग भीती ओसरते आणि हसू फुटते. जितकी भीती मोठी, तितके हसूही मोठे. शेवटी बहुरूपी काठी बाजूला ठेवतो, हात जोडतो, आपण बहुरूपी असल्याचे सांगतो आणि बक्षीस मागतो. कोणी पैसे देते, कोणी पायली-अर्धी पायली धान्य देते. सोंग उतरवण्याचा हा क्षण फार महत्त्वाचा आहे. बहुरूपी फसवतो, पण फसवणूक लपवून ठेवत नाही. तो आपला खरा चेहरा दाखवतो आणि मगच हात पुढे करतो. चोर आणि बहुरूपी यांच्यात हाच फरक आहे.

याविषयी एक जुनी गोष्ट सांगतात. एका बादशहाने बहुरूप्याला म्हटले, "तू मला फसवून दाखवलेस तर मोठे इनाम देईन." पुढे बादशहा मोहिमेवर निघाला. वाटेत एका फकिराची मोठी कीर्ती त्याच्या कानावर आली. बादशहा दर्शनाला गेला आणि फकिरापुढे जहागिरीचा कागद ठेवला. फकिराने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. काही दिवसांनी एक माणूस दरबारात आला आणि म्हणाला, "हुजूर, तो फकीर मीच होतो. आता माझे इनाम द्या." बादशहा चकित झाला. "अरे, तेव्हा जहागीर मिळत होती, ती का घेतली नाहीस?" त्यावर बहुरूपी म्हणाला, "तेव्हा माझ्या अंगावर फकिराचा वेष होता. त्या वेषात धन घेतले असते तर फकिरीला डाग लागला असता." ही गोष्ट घडली असो वा नसो, आपल्या सोंगाची अब्रू राखणे हा चांगल्या बहुरूप्याचा धर्म असतो, हे ती आपल्याला शिकवते.

आता पुन्हा सर्कशीकडे वळू. भारतीय सर्कशीचा आरंभ एका मराठी माणसाने केला. त्यांचे नाव विष्णुपंत छत्रे. त्यांचा जन्म सांगली जिल्ह्यातील अंकलखोप येथे झाला. १८८० साली त्यांनी आपली सर्कस सुरू केली. सर्कशीतील विदूषक केवळ हसवण्यासाठी असतो, असे आपल्याला वाटते. पण त्याच्याकडे दुसरेही काम असते. एक खेळ संपून दुसरा सुरू होईपर्यंत कामगार जाळी बांधतात, दोर ताणतात, सामान हलवतात. तेवढा वेळ प्रेक्षकांना गुंतवून ठेवणे ही विदूषकाची जबाबदारी. तो झुल्यावरून पडतो तेव्हा आपल्याला वाटते, याला काही येत नाही. खरे म्हणजे न लागता पडण्यासाठी झुल्यावर नीट बसण्यापेक्षा अधिक सराव लागतो. पुष्कळ विदूषक कसलेले कसरतपटू असतात. काही विदूषक उंचीने ठेंगणे असतात. त्यांच्या कलेला मनमोकळे हसावे. त्यांच्या उंचीला मात्र हसू नये. कला त्यांनी कष्टाने मिळवलेली असते. उंचीचे तसे नाही.

मग अशा माणसाची भीती का वाटावी? याचे उत्तर आपल्या चेहऱ्यात आहे. माणूस बोलायला शिकण्याच्या आधी चेहरा वाचायला शिकतो. तान्हे बाळ आईच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहते. सात-आठ महिन्यांचे झाले की ते अनोळखी माणसाला पाहून रडू लागते. कारण आपला कोण आणि परका कोण हे त्याला कळू लागलेले असते. समोरचा माणूस रागावला आहे की आनंदी आहे, हे आपण त्याच्या भुवया, डोळे आणि ओठ पाहून ओळखतो. विदूषक नेमके हेच रंगाखाली झाकतो. त्याचे रंगवलेले ओठ सदा हसतात. आतला माणूस थकला आहे की चिडला आहे, हे आपल्याला कळत नाही.

लहान मुलांची अडचण याहून मोठी असते. १९६९ साली अमेरिकेतील रेटा डीव्हरीज या संशोधक बाईंनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांच्याकडे मेनार्ड नावाचे एक शांत मांजर होते. मुलांनी आधी त्या मांजराला हात लावला. मग बाईंनी मांजराच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांना वाटले की, मांजराचा आता कुत्राच झाला! सहा वर्षांच्या मुलांना मात्र मुखवट्याखाली मांजरच आहे हे ठाऊक होते. म्हणून तुमचा धाकटा भाऊ बहुरूप्याला पाहून रडला तर त्याला भित्रा म्हणू नका. तुम्हाला सोंग दिसते, त्याला ते खरे वाटते.

भीती फक्त लहानांनाच वाटते असे नाही. ब्रिटनमधील साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी ६४ देशांतील ९८७ प्रौढ माणसांना विदूषकाविषयी प्रश्न विचारले. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. निम्म्याहून अधिक लोकांनी थोडीतरी भीती वाटते असे सांगितले. फार भीती वाटणारे साधारण पाच टक्के होते. कारणे विचारली तेव्हा विदूषकाच्या मनातले भाव रंगामुळे कळत नाहीत, हे कारण सर्वांत पुढे आले. तो पुढे काय करील याचा नेम नसतो, हेही एक कारण होते. भयपट आणि भयकथा यांचाही त्यात वाटा होता. विदूषकाने स्वतःला खरोखर त्रास दिला म्हणून भीती बसली, असे सांगणारे मात्र कमी होते. म्हणजे बहुतेकांची भीती माणसाची नव्हती. न कळणाऱ्या चेहऱ्याची होती.

याची उलट बाजूही पाहा. चार्ली चॅप्लिन यांचे मूकपट तुम्ही दूरदर्शनवर किंवा मोबाइलवर पाहिले असतील. १९१४ साली त्यांनी प्रथम तो आखूड कोट, ढगळ पँट, छोटी मिशी आणि काठी असा वेष पडद्यावर आणला. ते एक शब्दही बोलत नाहीत, तरी त्यांची भीती वाटत नाही; कारण त्यांचा चेहरा उघडा आहे. त्यांची भूक, लाज आणि आशा आपल्याला स्पष्ट वाचता येते. फ्रान्सचे मार्सेल मार्सो हे मूकाभिनयाचे थोर कलावंत होते. ते चेहऱ्याला पांढरा रंग लावत, पण त्यांचे डोळे आणि हात सतत बोलत असत. दुसऱ्या महायुद्धात तरुण मार्सो यांनी ज्यू मुलांना लपूनछपून स्वित्झर्लंडच्या सीमेकडे नेण्यास मदत केली. वाटेत आवाज झाला असता तर साऱ्यांचे प्राण गेले असते. तेव्हा न बोलता केलेल्या अभिनयाने ते मुलांना शांत ठेवत. त्यांच्या वडिलांना मात्र नाझींनी ऑशविट्झच्या छळछावणीत नेले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. ज्या कलेने पुढे जगाला हसवले, तिने आधी भेदरलेल्या मुलांना धीर दिला होता.

रुग्णालयांतील अनुभवही असाच बोलका आहे. इंग्लंडमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली अडीचशेहून अधिक मुलांना विचारले, "रुग्णालयाच्या भिंतींवर विदूषकांची चित्रे आवडतील का?" मुलांना ती चित्रे आवडत नव्हती. काहींना तर ती भीतिदायक वाटत होती. याउलट इटलीत २००५ साली ४० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेपूर्वी ज्या मुलांबरोबर आईवडिलांसह विदूषकही होते, त्यांची घबराट इतर मुलांपेक्षा कमी आढळली. असे का झाले असावे? भिंतीवरचा विदूषक नुसता बघत राहतो. जिवंत विदूषक दाराशी थांबतो, "आत येऊ का?" असे विचारतो आणि मूल घाबरले तर मागे सरतो. ओळख झाली की रंगाआडचा माणूस दिसू लागतो.

मित्रांनो, ही गोष्ट केवळ करमणुकीपुरती नाही. न ओळखलेल्या चेहऱ्याची भीती वाढत गेली तर काय होते, हे आपल्या शेजारीच घडले आहे. आपल्या जिल्ह्याला लागून जळगाव जिल्हा आणि त्याच्या पलीकडे धुळे जिल्हा आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा या गावी, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे पाच जण भिक्षा मागत आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून पसरली होती. लोकांनी त्या पाच जणांना तेच समजले. जमावाने त्यांना मरेपर्यंत मारले. ते कोण, कुठले, कशासाठी आले, हे शांतपणे विचारले असते तर पाच घरांचे कर्ते वाचले असते.

बहुरूपी समाजाचे नावही महाराष्ट्र शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. ज्यांचे जगणेच अनोळखी दारात उभे राहण्यावर आणि निराळा वेष घेण्यावर अवलंबून आहे, त्यांना अशा अफवांचा धोका सर्वांत अधिक असतो. ज्या सोंगाला काल लोक हसत होते, त्याच सोंगाचा आज संशय येऊ शकतो.

तेव्हा आपण काय करावे? भीती वाटणे हा गुन्हा नाही. भीती आपल्याला सावध करते. पण सावध होणे वेगळे आणि अंगावर धावून जाणे वेगळे. अनोळखी माणूस आला तर त्याचे नाव आणि गाव विचारा. घरात मोठे माणूस नसेल तर दार उघडू नका, शेजाऱ्यांना हाक मारा. खरोखर शंका असेल तर पोलीस पाटलांना कळवा किंवा ११२ या क्रमांकावर फोन करा. मोबाइलवर आलेला भीतीचा निरोप खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका.

आणि पुढच्या वेळी एखाद्या यात्रेत किंवा सर्कशीत विदूषक भेटला आणि तुमची धाकटी बहीण घाबरली, तर तिला ओढत पुढे नेऊ नका. तिला दुरून पाहू द्या. शक्य असेल तर खेळ संपल्यावर तिला त्याच्याकडे घेऊन जा. घामाने ओघळलेल्या रंगातून त्याचे खरे डोळे दिसू लागतात. त्याला सलाम करा, त्याचे नाव विचारा. तो आपले नाव सांगेल, कदाचित आपल्या गावी असलेल्या मुलीची आठवणही सांगेल. मग पाहा, बहीण ओढणीचे टोक सोडून हळूच हात पुढे करते की नाही!