घरच्या उजेडात स्वतःचा फोटो
आपल्या सेवाग्रामचंच उदाहरण घेऊ. आश्रमात कनू गांधींनी बापूंचे फोटो काढायला घेतले, तेव्हा बापूंच्या अटी तीन: फ्लॅश नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आश्रमाचा पैसा नाही. म्हणजे असेल त्याच उजेडात काम भागवायचं.

स्वतःचा फोटो घरी काढताना हेच करून पाहा. खिडकी एका बाजूला ठेवून बसा. वर्ध्याचं ऊन थेट आलं तर नाकाची सावली काळी, धारदार पडते. मग खिडकीवर पांढरं धोतर ताणा. आता प्रकाश सूर्याच्या एवढ्याशा बिंबातून नव्हे, सगळ्या कापडातून येतो, म्हणून सावलीची कड मऊ होते. दुसऱ्या गालाजवळ पांढरा पुठ्ठा उभा करा. तिकडचा अंधार जरा उजळेल. रात्री उघडा बल्ब असेल तर लक्षात ठेवा, अंतर दुप्पट केलं की उजेड साधारण चौथाई होतो. मोबाइल पुस्तकांच्या चळतीवर टेकवा, टायमर 10 सेकंदांचा लावा.

पण सावली पार पुसू नका बरं. चेहऱ्याचा उंचसखलपणा, सुरकुत्या, आपलं वय तिच्यामुळेच दिसतं. सगळीकडून सारखा उजळलेला चेहरा गुळगुळीत दिसेल, पण तो आपला वाटणार नाही.