चाकांवरचे घर

मोटारीत संसार थाटून राहणारी माणसे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. व्हॅनच्या मागच्या भागात एक बिछाना, एक शेगडी, पाण्याचा कॅन आणि चार कपडे, एवढ्यावर ती निघतात. जेथे रात्र होईल तेथे मुक्काम. या राहणीत आपल्याला स्वातंत्र्य सापडले, आपण जसे आहोत तसे स्वतःला पत्करता आले, असे ती सांगतात. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. मात्र ते ऐकताना सोलापूरकराने आपल्याच गावातील एक वस्ती आठवावी. तिचे नाव सेटलमेंट.

घर बरोबर घेऊन हिंडणारे लोक आपल्या मुलखात पूर्वापार आहेत. घिसाडी गाडीत भाता आणि ऐरण घालून गावोगाव शेतीची अवजारे शेवटीत असे. कैकाडी गाढवावर बिऱ्हाड लादून टोपल्या विणीत फिरे. लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहून नेत. गावाला त्यांची गरज होती, म्हणून गावाबाहेर का होईना, मुक्कामाला जागा मिळे. पुढे रेल्वे आली आणि तांड्यांचा व्यापार बसला. ज्याचा ठावठिकाणा नोंदवता येत नाही, त्या माणसाचा इंग्रज सरकारला संशय वाटे. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्यानंतर तो इतर प्रांतांतही लागू होऊ शकला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की, तिच्यातील माणसाने काही केलेले असो वा नसो, त्याचे नाव नोंदले जाई. त्याने हजेरी द्यावी आणि परवानगीवाचून ठिकाण सोडू नये, असा नियम.

सोलापूरची वसाहत या कायद्याखालची. तारेच्या कुंपणात या लोकांना ठेवले आणि येथल्या कापडगिरण्यांत कामाला लावले. ‘माणसे सुधारतील, कष्टाची भाकरी खातील,’ असे त्याचे समर्थन होत असे. आम्ही कामगार चळवळीतली माणसे ही गोष्ट वेगळ्या बाजूने पाहतो. न पटल्यास काम सोडून जाणे, ही मजुराच्या हातातील अखेरची ताकद. ज्याला गाव सोडण्याची मुभा नाही, त्याने मजुरीसाठी घासाघीस कशाच्या बळावर करावी? ज्यांची वर्तणूक समाधानकारक ठरे त्यांना कुंपणाबाहेर ‘फ्री कॉलनी’त राहू देत. आजही सोलापुरात पत्रावर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असा पत्ता लिहिला जातो. त्या ‘फ्री’ शब्दाचा अर्थ किती जणांना ठाऊक असेल?

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. या जमाती विमुक्त झाल्या. परंतु तार काढली म्हणून मनातले कुंपण लगेच निघत नाही. युनियनचे सभासदत्वाचे अर्ज भरताना मी एका यंत्रमाग कामगाराला पत्ता विचारला. त्याने शेजारच्या पेठेचे नाव सांगितले. दरवर्षी तो तेच सांगे. बोनसच्या वाटाघाटीत तो पुढे होऊन बोलू लागला, त्या वर्षी मात्र अर्ज भरताना म्हणाला, “साहेब, सेटलमेंटच लिहा. तिथंच जन्मलो मी.” स्वतःला पत्करणे म्हणजे काय, हे मी त्या दिवशी शिकलो. लक्ष्मण माने यांनी आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ (१९८०) हे नाव दिले, लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ (१९८७). ज्या शब्दांनी लोक हिणवीत, तेच शब्द त्यांनी मुखपृष्ठावर छापले. पुढे दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आता पुन्हा व्हॅनकडे वळू. अमेरिकेत जेसिका ब्रुडर यांनी ‘नोमॅडलँड’ (२०१७) हे पुस्तक लिहिले. २००८ च्या मंदीनंतर ज्यांना घर परवडेना, अशी उतारवयाची माणसे त्यात भेटतात. ती व्हॅनमध्ये राहतात आणि हंगामाप्रमाणे कधी ॲमेझॉनच्या गोदामात, कधी बीट काढणीला मजुरी करतात. मोकळे आभाळ त्यांनाही आवडते, सोबतीही मिळतात. पण परतायला घर नाही. आमच्या जिल्ह्यात उसाच्या हंगामात बैलगाड्यांवर संसार लादून येणारी तोडणी कामगारांची जोडपी पाहा. मुकादमाची उचल फिटेपर्यंत त्यांना फडातून हलता येत नाही. चाके गाडीला आहेत, पण ती कोणाच्या मर्जीने फिरतात?

म्हणून मला वाटते, स्वातंत्र्याचे माप चाकांवरून घेऊ नये आणि भिंतींवरूनही घेऊ नये. निघावेसे वाटले तर निघता आले पाहिजे आणि थांबावेसे वाटले तर मानाने थांबता आले पाहिजे. हौसेने व्हॅनमध्ये राहणाऱ्या तरुणाला या दोन्ही गोष्टी सहसा मिळतात. भटक्याला त्या अजून झगडून मिळवाव्या लागतात. विमुक्त-भटक्यांच्या जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे वास्तव्य पाहिले जाते. ज्याच्या आजोबाचे घर गाढवाच्या पाठीवर होते, त्याने वास्तव्याचा कागद कोठून आणावा? अशा माणसाचा अर्ज भरायला आपल्यापैकी कोणी त्याच्याबरोबर कचेरीत गेला, तर आजच्या व्याख्यानाचे चीज झाले असे मी समजेन.