धर्म बदलला, जात कुठे गेली?

ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींचा दर्जा द्यायचा का, हा वाद केंद्र सरकारने याच प्रश्नासाठी नेमलेल्या बालकृष्णन आयोगामुळे पुन्हा ऐरणीवर आला आहे. हा दर्जा हिंदूंपुरता ठेवणारा १९५०चा राष्ट्रपतींचा आदेश, त्यात १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा झालेला समावेश, हे सारं वाचकांना ठाऊक आहे. पण या प्रश्नाचा मुळापासून विचार करणाऱ्या एका मराठी माणसाचं नाव या चर्चेत क्वचितच ऐकू येतं, याची खंत वाटते. ते नाव रेव्हरंड अरविंद निर्मल यांचं.

निर्मल उत्तर भारतीय चर्चचे पाळक. पुढे ते बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथेच एप्रिल १९८१ मध्ये त्यांनी ‘शूद्र ईश्वरविद्ये’ची मांडणी करणारं व्याख्यान दिलं. नंतर चेन्नईच्या गुरुकुल लुथरन थिऑलॉजिकल कॉलेजात दलित ईश्वरविद्येचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. १९९५ मध्ये ते गेले.

त्यांचा सवाल बिनतोड होता. भारतीय चर्चमध्ये दलितांची संख्या सर्वांत मोठी, मग तिथल्या पंडितांनी ख्रिस्त समजावून सांगताना दलितांचं जगणं विचारात का घेतलं नाही? ब्रह्मबांधव उपाध्यायांनी शंकराचार्यांचा अद्वैतवाद घेतला, बिशप अप्पासामींनी रामानुजांची भक्ती घेतली. सत्तरच्या दशकात लॅटिन अमेरिकेतून मुक्तीची ईश्वरविद्या आली. तिने गरिबीवर बोट ठेवलं, पण जात तिच्या हिशेबात नव्हती.

निर्मल यांनी बायबल हातात घेतलं आणि त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या २६व्या अध्यायापाशी थांबले. तिथे इस्राएली माणूस आपला पूर्वज भटका अरामी होता, असं देवापुढे उभं राहून सांगतो. निर्मल म्हणतात, आपणही आपला पूर्वज असाच सांगायला हवा. तो कसा होता? थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून त्याच्या गळ्यात मडकं होतं. पावलांच्या खुणा पुसल्या जाव्यात म्हणून कमरेला झाडाची फांदी होती. हे मडकं आणि ही फांदी विसरून केलेली प्रार्थना त्यांना खोटी वाटत होती. आधी वेदना, मग कृती, हा त्यांचा क्रम होता.

येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हुसकावलं, त्या प्रसंगाचा त्यांनी लावलेला अर्थ मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो बाजार परराष्ट्रीयांच्या अंगणात भरला होता. आत जाण्याची मुभा नसलेल्यांना प्रार्थनेसाठी तेवढीच जागा होती आणि तीही हिरावली गेली होती. येशूने ती परत मिळवून दिली. निर्मल यांना त्यात दलितांच्या मंदिरप्रवेशाच्या लढ्याचं समर्थन दिसलं.

मंगळवेढ्याच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. महार जातीचे संत चोखोबा इथले. १३३८ मध्ये गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या मजुरांसोबत तेही गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंचवीसेक किलोमीटरवरच्या पंढरपुरी नेल्या, असं परंपरा सांगते. समाधी झाली ती विठ्ठल मंदिराच्या महाद्वाराबाहेर. मंदिराचं दार दलितांना उघडलं ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. सहाशे वर्षं भक्ती कमी पडली नव्हती, जात आड येत होती. डॉ. आंबेडकरांनी १९४८चा आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ ज्या तिघांना अर्पण केला, त्यात नंदनार आणि रविदासांबरोबर चोखोबा आहेत, ते उगाच नव्हे.

दलित ईश्वरविद्या दलितांनीच घडवावी, असा निर्मल यांचा आग्रह होता. अनेकांना तो टोकाचा वाटला. मला तो रास्त वाटतो. ज्याच्या वतीने शतकानुशतकं दुसरेच बोलत आले, त्याने आता स्वतः बोलायचं ठरवलं, तर इतरांनी आधी ऐकून घ्यावं.

आजच्या वादातला एक युक्तिवाद असा की, ख्रिस्ती धर्मात जात नाही, म्हणून सवलतीही नकोत. धर्मग्रंथात जात नसेलही, चर्चमध्ये मात्र आहे. तमिळनाडूत दलित ख्रिस्तींसाठी वेगळ्या राखलेल्या दफनभूमी हा त्याचा उघड पुरावा आहे. बाप्तिस्म्याने माणसाची श्रद्धा बदलते, शेजाऱ्यांची नजर बदलत नाही. दर्जा ठरवायचा तर तो माणूस कुणाची प्रार्थना करतो यावरून नव्हे, त्याला गाव कसं वागवतं यावरून ठरवावा. निर्मल यांचं लेखन इंग्रजीत गाजलं. ते मराठीत आणण्याची जबाबदारी इथल्या ख्रिस्ती मंडळींनी आणि विद्यापीठांनी आता घ्यायलाच हवी.